पाय धुतल्याशिवाय

भांडुप, १९८४

अण्णा,

गावाहून आईला निरोप धाडलात, "दसऱ्याला येतोय, तोवर ते पिल्लू घालव. नंदू ऐकत नसेल तर त्यालाही घालव." आम्ही दोघंही जाणार नाही.

कांजूरला भटकत होतो, तेव्हा हे कुत्र्याचं पिल्लू मागे लागलं; नाव ठेवलं खंड्या. तिथं खाडीवर काय बगळे असतात, अण्णा! ते जाऊ द्या. शेजारच्या राधामावशी हसल्या, "मेल्या, तू शाळेत टिकला नाहीस, कुत्र्याला काय शिकवणार?"

तुमचाच नियम शिकवला. बाहेरून आलं की दारातल्या बादलीतलं पाणी पायांवर घ्यायचं, मगच उंबरा ओलांडायचा. रोज त्याचे पंजे धुवायचो, मग "ये" म्हणून चपातीचा तुकडा द्यायचो. तसाच आत पळाला की उचलून परत बाहेर. महिनाभर मी एकाच कामाला चिकटलो, तुम्हाला पटणार नाही. आता तो स्वतःच बादलीपाशी थांबतो आणि दुसऱ्यांवरही नजर ठेवतो. काल मावशी तशाच आत शिरत होत्या, तर भुंकून त्यांना मागे फिरवलं!

हे पत्र टाकणार नाही, उगाच सावध व्हाल. खुशाल या. दार उघडंच असेल. पण पाय धुतल्याशिवाय खंड्या तुम्हालाही आत घेणार नाही.

इथंच राहणारा,
नंदू