रिकाम्या खोक्यांची गाडी

प्रिय वहिनी,

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "मी माहेरून येईन, पण घरात औषधाचं एकही खोकं दिसता कामा नये." मी म्हटलं, सगळं टाकून दिलंय. खोटं बोलले. खरं इथे लिहितेय, पण पाठवायची छाती होणार नाही.

आपल्या चिमण्याची आगगाडी माझ्या कपाटात आहे. त्याच्या औषधांच्या खोक्यांचे डबे, बाटल्यांच्या झाकणांची चाकं, मध्ये तुमच्या शिवणाचा दोरा. कडू गोळी पाहून तो तोंड फिरवायचा, म्हणून मीच नियम घातला होता, खोकं रिकामं झाल्याशिवाय गाडीला जोडायचं नाही. मग लेकरू निमूट गिळायचं. औषध बदललं की आपले चेहरे उतरायचे, आणि हा डॉक्टरांना म्हणायचा, "मोठ्या खोक्यातलं द्या ना, मालगाडी करायचीय."

गेला त्या सकाळीही त्याने विचारलं, "आत्या, गार्डाचा डबा कधी लावायचा?"

त्या डब्यासाठी ठेवलेलं खोकं आत्ता माझ्या हातात आहे. आत थोड्या गोळ्या उरल्यात. काढून फेकल्या तर डबा जोडता येईल. पण वहिनी, त्याने एकदाही लबाडी केली नाही. मी कशी करू?

तुमची नणंद