ताई, बघ ना!

प्रिय युगेटताई,

काल वाचनालयात माझी छोटीशी फिल्म दाखवली. गास्पेच्या समुद्रकिनाऱ्यावर एकटीच फिरायला गेले होते ना, तेव्हा फोन दगडावर टेकवून केलेली. लॉबस्टर फोडताना रस तोंडावर उडाला, तेव्हा सगळे खदखदून हसले. मग समुद्रात देवमासा उसळला आणि पडद्यावरची मी, शेजारी कुणी नसताना, ओरडले, "ताई, बघ ना!"

मागून एक आजी म्हणाल्या, "दाखव की गं, आम्ही बघतोय!" टाळ्या पडल्या. मी रडता रडता हसले.

हे पत्र मात्र टपालपेटीत टाकणार नाही. वाचलंस तर पुढच्या खेपेला तू बॅग भरून दारात उभी राहशील, आणि मला पुन्हा एकटीनंच जायचंय.

तुझीच लाडकी,
गिस्लेन