उस्तादाच्या जागी

आषाढ वद्य तेरस, मंगळवार

रात्री डोळ्याला डोळा लागला न्हाई. हे काल पालमच्या पैलवानासंगं कुस्तीचा हात मिळवून आले.

उस्ताद जाऊन कितीक सालं झाली. तरी तालमीच्या वट्ट्यावर लोक रोज त्यांची कुस्ती लावतेत. आज ह्याच्यासंगं, उद्या त्याच्यासंगं. कोण जिंकलं असतं, बसलेत भांडत. काल लावली पालमच्या पैलवानासंगं. तो तिथंच बसलेला. म्हणला, तुमचा उस्ताद मेला तेच बरं झालं, माझ्या काळात असता तर आसमान दावलं असतं.

हे उठले. म्हणले, उस्तादाची टांग बसली तर पालमचा रस्ता इसरशील.

तो हासला. मग उस्तादाच्या जागी तूच ये की. नागपंचमीला.

चार लोकांत हात मिळवला. संपलं.

अमावस्या, गुरवार

आत्याबाई लेकासाठी बदाम कुटायल्यात. म्हणल्या, तोंड कशाला पाडलंस गं, पैलवानाची बायको हायस.

त्यान्ला म्हाईत न्हाई. मागच्या जत्रंत हे मानंवर पडले तवापासून डाव्या हातात जोर न्हाई. मुंग्या येतेत. बाळीला उजव्याच हातानं उचलतेत. सकाळी तांब्या सुटला. माझ्याकडं बघितलं. कुणाला बोलू नको म्हणले.

मान मोडली तर. बाळीला अजून दात बी न्हाईत...

श्रावण शुद्ध दूज, शनवार

गणपतदादाची लय याद यायली. माहेरी अंगणात दादा मातीचे पैलवान करायचा. एक उस्ताद, एक आजच्या काळातला. लावायचा कुस्ती अन म्हणायचा, निवाडा तू दे. मी उस्तादालाच जितवायची. दादा म्हणायचा, लाच खाल्लीस, उस्तादानं तुला खारीक दिली परवा.

दादा अन हे एकाच तालमीतले. दादा थोरला. दादानंच हे स्थळ आणलं. आता पूर्णेला इंजनात कोळसा टाकतो. मुलखात दंगेधोपे चाललेत म्हणून दिवाळीपासून आला न्हाई.

मिळवलेला हात सोडवायचा तर त्याच तालमीतला थोरला लागतो. त्यानं मधी हात घातला की इज्जत जात न्हाई. उस्ताद असते तर त्यांनीच सोडवला असता.

ह्यान्ला म्हणलं, दादाला बोलवू का.

मला बायकांत बसवतीस का, म्हणले.

मग जेवता जेवता आपणच म्हणले, गणपत असता तर मला उठूच दिलं नसतं त्यानं.

नागचौथ, रविवार (औंदा तीज गळाली)

भावाचा उपास हाय आज. वारूळ पुजून आले. बाया झोक्यावर गाणी म्हणायल्यात. मला भावाचं गाणं म्हणवंना.

खरं सांगू का, उस्ताद जिंकलेच असते. पण उस्तादाचे दोन्ही हात धड व्हते.

बांगडीवाली मावशी गंगाखेडला जायली. मला गावाबाहीर जाऊ देत न्हाईत, दिस खराब हायेत. येगळं लिहायला सवड न्हाई, हीच पानं तिच्याजवळ देते. तिला वाचता येत न्हाई. टेसनावर कुणाच्या बी हातात दे म्हणलं.

जो कोणी वाचाल, तुमच्या पाया पडते. टेसनातून पूर्णेला फोन लावायला सांगा. गणपत, इंजनावरचा. म्हणावं, दाजींचा डावा हात गेलाय, अन उद्या दुपारी कुस्ती हाय. मिळंल त्या गाडीनं ये.