रविवारची अर्धी गोळी

सीताबर्डी, रविवार, ७ फेब्रुवारी १९४३

धाकट्या कुसुमचे पोहे तसेच राहिले.

डॉक्टरांच्या या उत्तेजक गोळीने तिला फायदा झाला, हे मी नाकारत नाही. दोन ओळी लिहायला न बसणारी पोर आता शांत बसून अख्खे गणित सोडवते. पण भूक मरते, म्हणून रविवारी गोळी द्यायची नाही, असे त्यांनी बजावले होते. मी स्वतः कंपाउंडर. ही सूचना मी रोग्यांना दहादा सांगितली असती.

आज कामठीचे पाहुणे मला बघायला येणार होते. मागच्या पाहुण्यांना कुसुमने विचारले होते, "तुमच्या पोराले टक्कल हाय का?" म्हणून सकाळी मी तिला अर्धी गोळी दिली.

ती कोपऱ्यात गप्प बसली. पाहुणीण आईला म्हणाली, "तुमची धाकटी किती गुणाची हाय!" पण कुसुमने पोह्यांना हातही लावला नाही. आवडीचे पोहे. नंतर तिची नाडी पाहिली, एकशे बारा, नेहमीपेक्षा बरीच जलद.

संध्याकाळी तिने विचारले, "ताई, आज तं शाळा नव्हती. गोळी काहून देली वं?"

मी म्हणाले, वार विसरले.

"जाऊ दे वं," ती म्हणाली, "मी तं रोजच विसरते."