बाबांची जुनी डिस्क

प्रिय ठमे,

रविवार, बारा जानेवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटं. बाबा आतल्या खोलीत झोपले होते, तू टेबलाखाली शिरून त्यांच्या कॉम्प्युटरची जुनी डिस्क काढत होतीस, आणि मी चहाचा ट्रे घेऊन तुझ्या बाहेर आलेल्या पायांपाशी उभी होते. अख्खी नोकरी तक्रार विभागात काढलेल्या बाईला अशा वेळा लक्षात राहतात. तारीख-वेळ नसलेल्या तक्रारीला आम्ही केराची टोपली दाखवायचो. तेव्हा हे पत्र आधी तक्रार म्हणून वाच, आईचं म्हणून नंतर.

तुझा हेतू चांगला होता हे मला मान्य आहे. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक तक्रारीत समोरच्याचा हेतू चांगलाच असायचा. मशीन रखडतंय, नवी डिस्क घालते, नवं लिनक्स टाकते, बाबा उठतील तेव्हा गंमत बघ, म्हणालीस. गंमत बघायला तू थांबली नाहीस. सहाला टॅक्सीत बसलीस आणि सातला ते खुर्चीत बसले.

त्या मशीनमधल्या टीव्ही कार्डाकडे तू कधी नीट पाहिलं नाहीस. अँटेनाची वायर त्याला जोडली की कॉम्प्युटरवर टीव्ही दिसायला हवा, पण बाबांच्या मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स, आणि कार्ड बनवणाऱ्या कंपनीने लिनक्ससाठी काहीही केलं नव्हतं. दुकानदाराने परत घ्यायची तयारी दाखवली, तर बाबांना तो अपमान वाटला. तू तेव्हा हॉस्टेलवर होतीस. लिनक्सला माहीत असलेल्या कार्डांना नंबर असतात. बाबा मशीनला रोज थाप मारायचे, की हे कार्ड म्हणजे अमुक नंबरचंच आहे असं धरून चाल. एका नंबरला चित्र यायचं, आवाज नाही. दुसऱ्याला आवाज खणखणीत, पण निवेदिका हिरवीगार आणि तिरकी. शेवटी त्यांनी कार्ड चालवणारा प्रोग्रामच उघडून आत स्वतःची दुरुस्ती केली. टेलिफोन एक्सचेंजमधला माणूस, सैल वायर सापडेपर्यंत जेवायचा नाही. ज्या दिवशी चित्र आणि आवाज एकत्र आले, त्या दिवशी मला स्वयंपाकघरातून हाताला धरून ओढत नेलं. पडद्यावर कसलासा सिमेंटचा कारखाना दाखवत होते. तो आम्ही शेवटपर्यंत पाहिला.

त्यानंतर त्या मशीनवर अपडेट हा शब्द काढायचा नाही असा घरात कायदा होता. नव्या लिनक्समध्ये त्यांची दुरुस्ती चालत नाही, हे ते तुला दर सुट्टीत सांगायचे आणि तू हो हो म्हणायचीस. कार्ड आपोआप सुरू होईल अशी सोयही त्यांनी कधी केली नाही. रोज सातला बसून चार ओळी स्वतः टाइप करायच्या, मग चित्र. मी म्हणायची, अहो, कशाला हा रोजचा सोपस्कार? तर हसायचे.

त्यांचं डोकं दगा द्यायला लागल्यावर मला तो सोपस्कार कळला. जेवलो का ते आठवत नव्हतं, बाथरूमचं दार सापडत नव्हतं, शेजारच्या डॉक्टरीणबाईंना ते माझी नणंद समजायचे. पण सात वाजले की बोटं त्या चार ओळी बिनचूक उमटवायची. चित्र आलं की माझ्याकडे असं बघायचे, जसं सिमेंटच्या कारखान्याच्या दिवशी बघितलं होतं. तेवढी पाच मिनिटं मला माझा नवरा मिळायचा. बातम्या कुणाला बघायच्या होत्या?

आता ते तशाच चार ओळी टाइप करतात आणि मशीन म्हणतं, असं काही सापडलं नाही. पुन्हा टाइप करतात. परवा फोनवर मी तुला झापत होते, तर मागून म्हणाले, "पोरीला बोलू नकोस. माझंच काहीतरी चुकतंय." तेव्हापासून त्यांनी चष्मा लावणंही सोडलंय. खुर्चीत बसतात आणि हात मांडीवर ठेवतात.

तुझा सल्ला काय, तर म्हणे मोबाइलवर सगळे चॅनेल दिसतात. दिसतात बाई, भिंतीवरही दिसतील. दुकानातला मेकॅनिक कार्ड हातात घेऊन म्हणाला, हे भंगारवालाही घेणार नाही. मग मीच बसले. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर इंग्रजीचं व्याकरण छडीने शिकवायच्या, म्हणून इंटरनेटवरचं सगळं वाचता येतं. आमचंच कार्ड असलेला एक गृहस्थ तिथे सापडला. त्याने मदत मागितली होती आणि सहा वर्षांनी कुणीतरी उत्तर दिलं होतं, की मलाही हाच प्रॉब्लेम आहे. मी नंबर घालून पाहिले. एकदा पडद्यावर मुंग्या आल्या. बाबा पुढे वाकले. मग मुंग्याही गेल्या. त्यांची दुरुस्ती फक्त त्या जुन्या डिस्कवर आहे, आणि ती, घरी नेऊन पुसते आणि दुसऱ्या कामाला लावते, असं म्हणून तू पर्समध्ये टाकलीस.

फोनवर विचारलं की तू बघते, शोधते म्हणतेस. म्हणून लिहिते आहे, आणि आणखी एका कारणाने. मला ऐकू कमी येतं, फोन स्पीकरवर असतो, आणि ते प्रत्येक शब्द ऐकतात. जे लिहायचंय ते त्यांच्या कानावर जायला नको. मला आता त्यांना उचलता येत नाही, ठमे. मागच्या आठवड्यात आम्ही दोघं बाथरूममध्ये पडलो आणि डॉक्टरीणबाई येईपर्यंत तसेच फरशीवर होतो. मी त्यांच्यासाठी शुश्रूषा केंद्रात जागा घेतली आहे. अठ्ठावीस फेब्रुवारीला त्यांना न्यायचं आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. तिथल्या खोलीत खिडकीबाहेर अँटेना लावायची परवानगी मी भांडून मिळवली आहे. डिस्क शाबूत असेल तर मशीन त्यांच्याबरोबर जाईल. पुसली असशील तर मशीन इथेच राहील, आणि ते बिघडलंय, त्यांची काही चूक नाही, हे मला त्यांना निघायच्या आधी सांगावं लागेल, बहुतेक रोज. तेव्हा डिस्क आहे की पुसली, एवढंच, कागदावर, तुझ्या अक्षरात, वीस फेब्रुवारीच्या आत माझ्या हातात पडेल असं पाठव. फोन करू नकोस.

तुझीच, अजूनही,
आई