अर्ध्यावर थांबलेली सुब्ली

बावान, बातांगास
६ एप्रिल १९९४

प्रिय बासिलिसाताई,

कालापानला तुम्ही, तुमची लेक आणि नातवंडं सगळी बरी असाल. बोटी वेळेवर सुटत असतील तर हे पत्र तुम्हाला रविवारच्या आत मिळावं.

इकडे ठीक आहे. ऊन फार आहे, पण विहिरीला अजून पाणी आहे. ईस्टरला आमची क्लारिता येऊन गेली. तिचा मुलगा भातावर काळी कॉफी ओतून खायला लागलाय, त्याचा आजोबा, आगापितो, खायचा तसा. त्याला कुणी शिकवलेलं नाही. मडकंभर तुलिंगान मासळी शिजवली होती, ती दोघं जाईपर्यंत पुरली. दवाखान्यातून मी निवृत्त झाले, पण लस टोचायच्या दिवशी अजून बोलावणं येतं. जाते.

पत्राचं कारण असं की येत्या तीन मेला आगापितोला जाऊन वर्ष होतं. सकाळी प्रार्थना, मग आम्ही काळे कपडे उतरवणार, दुपारी सगळ्यांना जेवण. बोकड सांगून ठेवलाय. त्याच दिवशी क्रूसाचा सण. संध्याकाळी मांडवात क्रूसापुढे नवसाची सुब्ली नाचली जाईल. मागच्या वर्षीची अर्ध्यावर थांबली होती, ती तिथूनच पुढे पुरी करायची, असं मेलेसिओ आजोबांचं म्हणणं आहे.

तुम्हाला त्यांचा स्वभाव माहीत आहे. त्या दिवसापासून त्यांनी ढोलाला हात लावलेला नाही. म्हणजे सकाळी उन्हात ठेवतात, दुपारी आत नेतात, घोरपडीचं कातडं सैल पडू नये म्हणून, पण वाजवत नाहीत. डिसेंबरात एका लग्नाला मागायला लोक आले, तर म्हणाले, "ढोल रिकामा नाही." लोक म्हणाले, "आजोबा, कोपऱ्यात तर ठेवलाय." तर म्हणाले, "कोपऱ्यात असेना. कामात आहे तो."

मागच्या आठवड्यात ते माझ्याकडे आले. बाकावर बसले आणि म्हणाले, "अर्धा नवस म्हणजे अर्धं बाळंतपण. तू सुईण, तुला कळायला हवं."

मी म्हटलं, "आजोबा, अर्धं बाळंतपण असं काही नसतं."

"मग? मी काय वेगळं बोलतोय?"

त्यांची अट एकच आहे. ज्या कडव्याला थांबलो, त्याच कडव्यापासून सुरुवात, आणि बाईच्या जागी बाई तीच. मी विचारलं, पुरुषाच्या जागेचं काय? तर म्हणाले, "ती मोकळी राहिली तरी चालेल. तो गेलाय, त्याची हजेरी कोण घेणार? बाई जिवंत आहे, तिला सूट नाही."

यंदा शाळेनेही सुब्ली बसवली आहे. मार्चमध्ये मैदानावर झाली. मुली एकसारख्या कपड्यांत छान दिसत होत्या. बाईंनी माइकवरून सांगितलं की सुब्ली म्हणजे पुरुषांनी कंबर मोडल्यासारखं वाकून चिपळ्या वाजवायच्या आणि बायकांनी टोपी घालून, मनगटं फिरवत त्यांच्याभोवती जायचं. मेलेसिओ आजोबा माझ्या शेजारी होते. मोठ्याने म्हणाले, "आणि क्रूस? तो काय दोरी बांधायला उभा केलाय?" पुढच्या रांगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं. मी त्यांना सरबत आणून दिलं.

तर तुम्ही यावं, असं सगळ्यांचं मत आहे. राहायची सोय आमच्याकडे होईल, क्लारिताची खोली मोकळी आहे. तुमच्या गुडघ्यांना पहाटेची बोट बरी, तिला गर्दी कमी असते.

गावात लोक काय बोलले, ते मी मनावर घेतलेलं नाही. तुम्हीही घेऊ नये.

तुमची टोपी माझ्याकडे आहे, हे कळवायचं राहून गेलं होतं.

आपली,
लेओनिला माग्सिनो


बावान
२१ एप्रिल

प्रिय बासिलिसाताई,

तुमचं उत्तर मिळालं. गुडघे दुखतात, दुसरी कुणी पाहा, टोपी असेल तर जाळून टाका, एवढंच लिहिलंत. अक्षर नीट आहे, म्हणजे हात बरे आहेत.

मी मेलेसिओ आजोबांना पत्र वाचून दाखवलं. ढोल आत नेऊन ठेवायची वेळ झाली होती, तो त्यांनी नेऊन ठेवला.

मी पहिलं पत्र लिहिलं ते लोकांच्या वतीने लिहिलं. हे माझं आहे.

आधी टोपीचं सांगते. ती बाकाखाली होती. घरात मयत असेपर्यंत झाडू मारायचा नसतो, म्हणून मांडवातून कुणीतरी आणून टाकलेली ती टोपी आगापितोबरोबर त्याच घरात राहिली आणि कुणाला दिसली नाही. त्याला पोचवून आल्यावर मी झाडायला घेतलं. बिस्किटांचा चुरा, मेणाचे थेंब, मयताजवळ रात्रभर जागत पत्ते खेळणाऱ्यांनी टाकलेली सालं, आणि ती टोपी. एका बाजूचा काठ पार चेपलेला. तो तिच्यावर पडला होता, हे मला तेव्हा कळलं. त्या कडव्याला तुम्ही टोपी काढून त्याच्यासमोर जमिनीवर ठेवता आणि तो खाली वाकून तिच्यापर्यंत येतो. इतक्या वर्षांत किती वेळा पाहिलं असेल. तो टोपीपर्यंत आला होता.

मी ती परत पाठवायला हवी होती. तुम्ही तेव्हा अजून गावात होता, फक्त दोन गल्ल्या पलीकडे. मी ती कपाटावर ठेवली.

आता घरात मयत असताना तुम्ही आमच्याकडे आला होता, त्याविषयी. तुम्ही फाटकाजवळच्या खुर्चीवर बसलात. पुढे या म्हणून तुम्हाला कुणी म्हटलं नाही, मीही नाही. मग तुम्ही उठलात, शवपेटीपाशी उभ्या राहिलात, माझ्याकडे पाहिलंत आणि निघालात. मी उठले नाही. घरात मयत असताना आल्या-गेल्याला घरच्यांनी दारापर्यंत सोडायला जायचं नसतं, हे लहान पोरालाही माहीत आहे. मी बिशपसाठीसुद्धा उठले नसते. पण तुम्ही तो रिवाज समजलात की राग, हे मला कळलं नाही. आज नीट आठवून पाहिलं. मलाही तेव्हा ते ठाऊक नव्हतं. रिवाज होता म्हणून मला ठरवावं लागलं नाही.

नवव्या दिवसाच्या प्रार्थनेला तुम्ही आला नाहीत. ओतिलिया स्वयंपाकघरात भाताची पातेली घासता घासता म्हणाली, "येईल कशी? मेलेल्या माणसाभोवती नाचली ती. कडवं पुरं होईपर्यंत नाचली." मी तिला म्हटलं, तळ नीट घास. एवढंच म्हटलं. पुढच्या महिन्यात तुम्ही कालापानला गेलात असं कानावर आलं.

तेव्हा जे बोलायला हवं होतं ते आता लिहिते.

त्या संध्याकाळी मांडवात मी पहिल्या बाकावर होते. ओतिलिया माझ्या उजवीकडे होती. त्या कडव्यात पुरुष सगळ्यात खाली जातात आणि चिपळ्या थांबवतात, हे सगळ्या गावाला माहीत आहे. त्याच्या थांबल्या. तो खाली गेला, गुडघे टेकले, डोकं पुढे आलं. तुम्ही गात त्याच्याभोवती गेलात. मी ओतिलियाला कोपराने हलवून म्हटलं, "बघ, या वयातही किती खाली जातो." मी त्याचं कौतुक फारसं करत नसे. त्याला ते ऐकू आलं नाही. ते वेगळं.

ज्या बाईने दवाखान्यात आयुष्यभर लोकांच्या नाड्या पाहिल्या, तिला समोर बसून कळलं नाही. ढोल वाजवणाऱ्याला कळलं नाही. तुम्ही तर गात होता, तुमचे डोळे क्रूसाकडे होते, तसेच असायला हवेत. आपल्या गावाबाहेर कुणी इतका वाकला असता तर लोक धावले असते. आपल्याकडे लोक म्हणाले, वा. ओतिलियाही म्हणाली. तिला मी नंतर आठवण करून दिली आहे. पातेली घासताना बोललेलं ते वाक्य ती आता बोलत नाही.

डॉक्टर म्हणाले, गुडघे जमिनीला लागायच्या आतच संपलं असेल. हे मी तुमची समजूत काढायला लिहीत नाही. मी त्यांना दोनदा विचारलं आणि मलाही तसंच वाटतं. तुम्ही थांबला असतात तर एवढंच झालं असतं की शेवटी मांडवात आरडाओरडा झाला असता. त्याऐवजी गाणं होतं. हे मी बरेच महिने मनात घोळवलं आणि मला त्यात वाईट काही सापडलं नाही.

आणखी एक. हे लिहायला मला जड जातं, म्हणून थोडक्यात लिहिते.

तो नवस माझ्यासाठी होता. क्लारिताच्या वेळी माझं रक्त थांबत नव्हतं. मी शुद्धीवर आले तेव्हा आगापितो जवळ नव्हता, क्रूसाकडे गेला होता. जिवंत आहे तोवर दर मेमध्ये वाकेन, असं बोलून आला. मी दवाखान्यातली सुईण. ज्याने दिलेल्या रक्ताने मी वाचले, त्या शिपायाचं नावही मला माहीत होतं. नवसाबद्दल मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. सुब्लीला जोडी लागते. त्या वर्षी मला उभंही राहता येत नव्हतं, म्हणून तुम्ही उभ्या राहिलात. पुढच्या वर्षी मला उभं राहता येत होतं. मला कुणी विचारलं नाही आणि मी म्हटलं नाही. मग तेच चालू राहिलं.

घरात तो ताठ चालायचा. तुम्हाला माहीत नसेल, त्याला वाकायचा कंटाळा होता, चपलासुद्धा पायानेच सरळ करायचा. मी इतकी वर्षं बाकावरून त्याची पाठ पाहिली. वाकल्यावर त्याचा चेहरा कसा दिसायचा ते फक्त तुम्ही पाहिलंय. याचा मला त्रास व्हायचा. लोक समजतात तसला नाही. तुमच्यात तसलं काही नव्हतं, हे मला नेहमी ठाऊक होतं. त्रास याचा, की माझ्या जिवासाठी दोन माणसं घाम गाळत होती आणि मी पंखा घेऊन बसले होते. आभार मानायची रीत मला सापडली नाही. क्लारिताची धर्मआई तुम्हाला केलं, तेव्हा वाटलं, झालं.

तुम्ही माझ्यासाठी नाचलात. बरीच वर्षं. हे मी कधी बोलले नव्हते.

मेलेसिओ आजोबांना मी परवा विचारलं, मी उभी राहिले तर? त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्यासाठी केलेला नवस तूच फेडणार? मग तो आगापितो काय उगीच वाकत होता?" वर म्हणाले, "आणि तुला गाता कुठे येतं?" ते खरं आहे.

त्यामुळे तुम्हीच पाहिजे. गुडघे दुखत असतील तर हळू चालू. आजोबा म्हणतात, ढोल तुमच्या गुडघ्यांमागे राहील, पुढे जाणार नाही. त्यांचं स्वतःचं मनगट आता पूर्वीसारखं चालत नाही, पण ते कबूल करत नाहीत. समोरची जागा मोकळी ठेवायची असं ठरलंय. आगापितोचा पुतण्या तयार होता. मी नको म्हटलं. ज्या जागेभोवती तुम्ही गेलात, त्याच जागेभोवती जायचं आहे.

कडवं अर्धं राहिलंय असं सगळे म्हणतात, पण ते तुम्ही पुरं केलं होतं. ओतिलियाचं तेवढं बरोबर होतं. राहिलंय ते पुढचं, पुरुष उठून उभा राहतो ते. तेवढंच गायचं आहे.

टोपी जाळली नाही. चेपलेला काठ मी पाण्यात भिजवून सोडवला आणि ताडाच्या नव्या पट्ट्या घालून विणला. शेजारच्या टोप्या विणणाऱ्या म्हातारीने दाखवलं, पण हात माझा होता, त्यामुळे एका ठिकाणी फुगवटा आलाय. फिती धुतल्या. लाल फितीचा रंग थोडा उतरला. घालून पाहिली नाही, ती तुमची आहे.

ती मी बोटीने पाठवत नाही. इथे आमच्या दाराशेजारच्या खिळ्यावर टांगून ठेवली आहे.

दोन तारखेला पहाटेच्या बोटीने आलीस तर मी बंदरावर असेन. न आलीस तरीही असेन, दुपारच्या बोटीपर्यंत. तीन तारखेला सकाळी मी काळे कपडे उतरवीन. त्यानंतर घरात मयताचे नियम राहत नाहीत. सुब्ली झाली, जेवलीस, आणि परत निघालीस की मी उठेन आणि तुला फाटकापर्यंत सोडायला येईन. तुला चालवत असेल तर पुढे रस्त्यापर्यंतही.

तुझी ऋणी,
लेओनिला