नावं गेलेल्या पाट्या

प्रिय सूनबाई,

पत्र बघून घाबरू नकोस. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझं लग्न व्हायच्या आधीपासून कुरकुरतोय, त्याचं काही मनावर घ्यायचं नाही. फोनवर बोलायचं होतं, पण तू मधेच हसवतेस आणि मग माझं राहून जातं. कागद मधे बोलत नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, सांभाळून वाच.

तर बातमी अशी, की कॉम्प्युटरचं काम संपलं. काल शेवटची पाटी उघडली, तिला नाव दिलं आणि बंद केलं. तीनशे बाराच्या तीनशे बारा. आता तुला दर रविवारी अकरा वाजता या म्हातारीला फोन करायची गरज नाही. गेले अकरा रविवार त्या फोनवर माझा आठवडा उभा होता, हे तुला कळलं असेलच. मी काही लपवण्यात हुशार नाही. म्हणजे आहे, ते पुढे सांगते.

आधी माझा पराक्रम आठव. माझा लेक जाऊन तीन वर्षं होत आली, तेव्हा तुझा फोन आला. आई, त्याने आपल्या नव्या घरासाठी दाराची पाटी काढली होती, मला दाखवणार होता, ती त्याच्या कॉम्प्युटरवर असेल, बघाल का. दारावर अजून नुसता नंबर आहे म्हणालीस. मी बरं म्हटलं, कॉम्प्युटर चालू केला आणि तो घरघरत बसलाय तोवर दोन ब्लाउजांना इस्त्री करावी म्हणून त्याचाच प्लग उपटला. एवढी अक्कल मला देवाने दिली. परत लावला तर काळी पाटी आणि पांढरी अक्षरं, आणि पुढे ढिम्म. मी तुला फोनवर सांगितलं की तो रुसलाय. तू म्हणालीस, रुसला नाही आई, विसरलाय.

मग तू मला समजावलंस ते मी शेजारच्या शिंपिणीलाही समजावते आता, अगदी मास्तरीणबाईसारखं. की कॉम्प्युटरच्या पोटात एक यादी असते, कोणती वस्तू कुठे ठेवली त्याची. आपण प्लग उपटला तेव्हा तो नेमका त्या यादीत लिहीत होता. वस्तू जागच्या जागी आहेत, पण यादी फाटली. आता तपासणी लावायची, म्हणजे तो कोपरा न् कोपरा फिरून बघणार आणि जिथे घोळ दिसेल तिथे विचारणार, हे दुरुस्त करू का. आपण वाय दाबायचं. पोरी, त्या दिवशी मी इतक्या वेळा हो म्हटलं, तेवढं तुझ्या सासऱ्यांना उभ्या संसारात म्हटलं नसेल. त्यांना कळलं असतं तर म्हणाले असते, ही मशीन मला आधी का नाही मिळाली.

आणि शेवटी त्याने दुकानांसाठी काढलेल्या पाट्या सापडल्या. एका फोल्डरात सगळ्या ओळीने, पण नाव कुणालाच नाही, नुसते आकडे. तू म्हणालीस, यादीबरोबर नावं गेली आई, आता एकेक उघडून बघायची आणि नाव द्यायचं. दर रविवारी अठ्ठावीस-तीस. मी उघडायची, तुला वाचून दाखवायची, तू म्हणायचीस द्या नाव. मी दिली. चष्मेवाला. चष्मेवाल्याचा भाऊ, ज्याच्याशी तो बोलत नाही. दातांचा डॉक्टर, पाटीवर दात हिरवे निघालेला. मधल्या दिवसांत मी रस्त्यावर जाऊन बघून यायची, कोणती पाटी अजून टांगलेली आहे. अर्धी दुकानं बदलली गं. पण चपला दुरुस्त करणाऱ्याच्या डोक्यावर त्याने काढलेला तो हसरा बूट अजून आहे, उन्हाने फिका झालाय. मी तिथे इतका वेळ उभी राहिले की त्याने विचारलं, काकू, चप्पल तुटली का. मी हो म्हटलं आणि धडधाकट चप्पल शिवून घेऊन आले.

पाचव्या रविवारी ती निघाली, आठवते ना, माझा फोटो आणि खाली लाल अक्षरांत सासूपासून सावध. तुम्ही दोघं माझ्या पाठीमागे हेच धंदे करत होतात, हे मला तेव्हाही माहीत होतं. तुम्ही स्वयंपाकघरात खिदळायचात आणि मी आले की दोघं डाळ निवडायला लागायचात. एकदा तर ताटात डाळच नव्हती. त्या दिवशी तू हसलीस, मग रडलीस, मग मी चहा उतू गेला असं खोटं सांगून फोन ठेवला. चहा ठेवलाच नव्हता. खुर्चीत बसून राहिले. त्याची खुर्ची, डावा हात उसवलेली. कॉम्प्युटरचा पंखा फिरत होता, तेवढाच आवाज घरात. मी तो बंद केला नाही, संध्याकाळपर्यंत.

दर रविवारी शेवटी तू विचारायचीस, आपली पाटी नाही ना निघाली. आणि मी म्हणायची, नाही बाई, अजून नाही.

आता ऐक. ती निघाली होती. चौथ्या रविवारनंतरच्या बुधवारी. तुझ्याशिवाय उघडायचं नाही असं ठरलं होतं, पण मला राहवलं नाही, चोरून दोन-चार उघडल्या. त्यातली तिसरी. आकडा पाठ आहे, एक्केचाळीस हजार दोनशे सात. मी तिचं नाव भंगारवाला दोन असं ठेवलं आणि पुढच्या रविवारी तुला म्हटलं, या चार मी आधीच उरकल्या, काही विशेष नाही.

तुला वाटेल म्हातारीने फोन चालू राहावेत म्हणून हे केलं. केलं. अर्धं त्यासाठीच. पाटी मिळाली असती तर तुझं काम झालं असतं, मग बाकीचे हिरवे दात बघायला कोण फोन करतंय. पण उरलेलं अर्धं वेगळं आहे. त्या पाटीवर दोन नावं नाहीत, तीन आहेत. माझं सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. मी त्याला किती वेळा सांगितलं होतं, मी माझं घर सोडून यायची नाही, तुमच्या सातव्या मजल्यावर मी कुणाशी भांडू. तो बरं म्हणायचा. आणि गुपचूप पाटी करून बसला होता. मला माहीत होतं, तू हे बघितलंस तर दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन दारात. तू तशीच आहेस. त्याचं राहिलेलं काम म्हणून मला उचलून नेशील, आणि मी, खरं सांगते, आता नाही म्हणणार नाही. भांडायला इथे तरी कोण उरलंय. म्हणून झाकून ठेवली. रोज उघडून बघायची तेवढी.

आणि सातव्या रविवारी तुझ्या मागून एका माणसाचा आवाज आला. गाळणं कुठे आहे म्हणाला. मी विचारलं कोण गं, तू म्हणालीस टीव्ही. अगं, मी कॉम्प्युटरचा प्लग उपटला असेल, पण टीव्ही गाळणं मागत नाही एवढं मला कळतं. मी पुढे विचारलं नाही. त्या दिवशी तू माझ्यावर जरा जास्तच माया केलीस, तेवढ्यावरून कळलं. आठव्या रविवारी त्याने परत विचारलं, अगदी हळू. दहाव्याला विचारलं नाही, म्हणजे त्याला सापडलं. जो माणूस गाळणं स्वतः शोधतो तो बरा असणार. तुझ्या सासऱ्यांना जन्मभर सापडलं नाही.

म्हणून हे पत्र. पाटी छापून सोबत पाठवते आहे, ती तुझी आहे, कपाटात ठेव, रडायचं तेवढं रड. पण दाराला ती लावायची नाही आणि मला न्यायला यायचं नाही, ही सासूची आज्ञा समज, आजवर एकही ऐकली नाहीस, ही ऐक. दाराला नवी करून घे, दोन नावांची. आपल्या रस्त्यावर आता एक मुलगी पाट्या काढते, हात चांगला आहे, मी सांगून ठेवते. आणि माझ्यापासून काही लपवायचं म्हणून घरात चोरासारखं वावरू नका. त्या गाळणंवाल्याला सांग, मी फोनवर असताना कुजबुजायचं नाही. म्हातारीला कमी ऐकू येतं म्हणावं, जरा मोठ्याने बोल.

तुझीच,
आई